इनुतेकचा हात

चौदा फोटो. प्रत्येक नऊ एमबीचा.
आणि आमच्या वस्तीचं इंटरनेट म्हणजे
टेकडीवरची ती एक बशी,
बर्फ साचला की जिला आभाळ दिसत नाही.

इनुतेक बाकावर बसलाय, डावा हात उशीवर.
सील सोलताना सुरी निसटली, त्याला चार दिवस झाले.
बोट टम्म सुजलंय.
"फार नाही लागलं," म्हणतो,
आणि उजव्या हातानं कॉफीचा कप धरतो,
जरा जास्तच घट्ट.

हेलिकॉप्टर मंगळवारी, तेही धुक्याच्या मर्जीवर.
म्हणून आधी हात पाठवायचा, माणूस मागाहून.

शाळेतला मास्तर मालिक सांगून गेला होता:
"ब्राउझरमध्ये उघड, तुकुम्मेक,
काही बसवायचं नाही, शिकायचं नाही,
फोटो ओढायचा, सोडायचा,
लहान होऊन परत येतो."
मी ओढला. सोडला.
पट्टी तीन टक्क्यांवर. चारवर.
बाहेर कुत्री केकाटून दमली, पट्टी अकरावर.
तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला:
ओझं हलकं करून देणारा बसलाय फ्योर्डच्या पलीकडे,
आणि भरली होडी वल्हवत न्यायची आपणच.

इनुतेक पट्टीकडे बघत होता.
"कुठं चाललाय माझा हात?"
लहान करून आणायला, मी म्हटलं.
"कुणाकडे?"
मला नाव सांगता येईना.
पानावर एक हसरा ढग होता
आणि 'फुकट' हा शब्द, तीनदा.
"आणि परत आल्यावर," तो म्हणाला,
"तिकडं उरलेला कुणाचा?"

मी पट्टी थांबवली.
मालिक म्हणतो, सगळीच तशी नसतात,
काही पानं फोटो इथल्या इथंच दाबतात, बाहेर नेत नाहीत.
नसतील नेत. पण पान उघडायलाही बशीच लागते,
आणि कुठलं पान कुठल्या वळणाचं
हे काही त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

कपाटाशेजारी जुना संगणक आहे.
माझ्या आधीची नर्स बिर्गिट
जाताना त्यात एक प्रोग्रॅम ठेवून गेली.
डॅनिश मेनू, राखाडी चौकट,
बटणांवर अजून फ्लॉपीची चित्रं.
सुरू व्हायला एक कप कॉफीचा वेळ घेतो,
पण चौदाही फोटो एका घासात गिळतो
आणि दार लावून काम करतो.
एकच दांडी, शून्यापासून शंभरापर्यंत.
किती गमवायचं, ते तू सांग.

तीसवर आणली. नऊ एमबीचे दोनशे केबी.
मी खूश. हात हातासारखा, बोट बोटासारखं.
मग मनगट मोठं करून पाहिलं,
आणि शेजारचं खरं मनगट पाहिलं.
खऱ्यावर एक रेघ होती.
दोऱ्याएवढी, तांबूस, कोपराकडे निघालेली.
चित्रात तिथं नुसते चौकोन,
कातडीच्या रंगाचे, समजूतदार.

यंत्राचं काय चुकलं?
डोळ्याला जाणवत नाही ते टाक, असं त्याला शिकवलंय.
कुणाच्या डोळ्याला, ते सांगायचं राहिलं.

पन्नास. रेघ आहे की मला भास होतोय?
साठ.
बाहत्तरवर ती उभी राहिली.
पण आता एकेक फोटो बाराशे केबी, चौदा कसे जाणार?
मग अकरा पुसले:
नखाचे तीन, बोटाचे सात जवळजवळ सारखेच,
एक चुकून माझ्या बुटाचा.
सगळ्यात जास्त जागा त्यानंच वाचली.

तीन फोटो रात्री सव्वादहाला गेले,
खिडकीत मे महिन्यातला, न मावळणारा उजेड.
डॉक्टर विबेकेचं उत्तर दोन ओळींचं:
औषध आत्ता सुरू कर.
रेघ कुठवर आलीय तिथं पेनानं खूण कर, वेळ लिही.

मी त्याच्या कातडीवर लिहिलं, दहा चाळीस.
"हे तरी इथंच राहील ना?"
धुतलं नाहीस तर, म्हटलं.

पुढं महिन्याभरानं चर्चच्या गायकांचे फोटो पाठवायचे होते.
ते मी मालिकच्या पानावरच सोडले.
बशी स्वच्छ होती. हसऱ्या ढगानं नेले,
चुटकीसरशी लहान करून आणले.
दुसऱ्या रांगेत इनुतेक,
तोंड उघडं, सुरात असावा,
डावा हात खिशात.